इमो रॉक बँडचे पहिले सिंगल : सरावाच्या खोलीपासून प्रकाशनाच्या शुक्रवारपर्यंत

इमो रॉकचे गाणे कुजबुज आणि आक्रोश यांच्यामधल्या अंतरावर उभे असते. कडव्यात गायक शेजारी बसून बोलल्यासारखा गातो, ध्रुवपदात त्याच माणसाचा आवाज फाटतो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण काही क्षणांपूर्वी तो किती हळू बोलत होता हे अजून कानात असते. सरावाच्या खोलीत हे अंतर आपोआप सापडते. पुढे रेकॉर्डिंग, मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आणि आवाजांचे ट्रॅक एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंग (तयार गाण्याची शेवटची पातळी ठरवणे) या प्रत्येक टप्प्यावर ते थोडेथोडे झिजत जाते आणि शेवटी हाती येते ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर वाजणारे गाणे. पहिले सिंगल, म्हणजे एकटेच प्रकाशित होणारे गाणे, करणाऱ्या बँडने कोणत्या क्रमाने काय करावे, आणि हे अंतर कुठे कसे सांभाळावे, ते या लेखात सांगितले आहे.

हा प्रकार १९८० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डी.सी.मधील हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉकमधून निघाला. राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा डिस्कॉर्ड या लेबलवरील १९८५ चा अल्बम त्याचा आरंभ मानला जातो. वेग आणि आवाज हार्डकोरचाच राहिला, पण शब्द स्वतःच्या मनात उतरले. ज्यांना इमो म्हटले गेले त्यांपैकी कित्येक बँडना हे नाव कधीच आवडले नाही. तरीही स्वतःच्या मनात उतरलेले शब्द ही शैली ओळखायची खूण आजही लागू पडते.

पहिली पायरी : गाणे निवडणे

किमान चार-पाच गाणी पूर्ण झाल्याशिवाय निवड करू नये. सगळी गाणी सरावाच्या खोलीत फोनवर सलग रेकॉर्ड करावीत, आठवडाभर ती फाइल उघडू नये, आणि मग प्रत्येकाने एकट्याने ऐकताना आपले लक्ष जिथे उडाले ती वेळ मिनिट-सेकंदासह कागदावर टिपावी. सगळ्यांच्या कागदांवर एकच जागा आली असेल, तर ती चर्चेविना दुरुस्त करावी. फोनवरची ही फाइल जपून ठेवावी, कारण पुढे मिक्सिंगच्या वेळी तिची गरज पडणार आहे.

दुसरी कसोटी अधिक कडक आहे. सगळे अँप्लिफायर बंद करून फक्त गायक आणि एक गिटार यांनी गाणे म्हणून पाहावे. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) आणि ड्रम काढून घेतल्यावर चाल आणि शब्द तग धरत नसतील, तर ते गाणे चौथे-पाचवे म्हणून चालेल, पहिले म्हणून चालणार नाही.

लांबीबद्दल बोलायचे तर साडेतीन मिनिटांच्या आसपासचे गाणे सोयीचे ठरते, पण खरा प्रश्न सुरुवातीचा असतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यानंतरच एक प्ले मोजला जातो, हे कळल्यापासून अनेक बँड सुरुवातीचे गिटारचे वादन कापून टाकतात. माझ्या मते ही घाई नुकसानीची आहे. मोकळ्या तारांवर एकेक स्वर सोडत जाणारे ते वादन हा या शैलीचा प्राण आहे, आणि शांतता आधी प्रस्थापित केल्याशिवाय पुढच्या कल्लोळाला अर्थ उरत नाही. ते राहू द्यावे, फक्त त्याला स्वतःची गुणगुणता येईल अशी चाल असावी आणि गायकाचा आवाज अर्ध्या मिनिटाच्या आत यावा.

शब्दांविषयी एकच सूचना करतो. ‘वेदना’, ‘एकटेपणा’, ‘अंधार’ हे शब्द ज्या ओळींत आले असतील त्या ओळी पुन्हा वाचाव्यात आणि त्या भावनेच्या वेळी डोळ्यांसमोर प्रत्यक्ष काय होते ते लिहून पाहावे: न उचललेला फोन, दारामागे तसाच टांगलेला कोट, पहाटे चालू राहिलेला पंखा. वस्तू दिसली की भावना ऐकणारा स्वतः भरतो. मात्र एखाद्या खऱ्या व्यक्तीचे नाव किंवा तिला ओळखता येईल असा तपशील तिच्या संमतीविना गाण्यात ठेवू नये, कारण गाणे एकदा बाहेर पडले की ती ओळ परत घेता येत नाही.

दुसरी पायरी : हक्क कागदावर आणणे

हे काम रेकॉर्डिंगच्या आधी करावे. प्रत्येक प्रकाशित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला मास्टर म्हणतात. रचनेत कोणाचा किती टक्के वाटा हे एका पानावर लिहून, बेरीज शंभर होते याची खात्री करून सर्वांनी तारखेसह सह्या कराव्यात. सगळ्यांनी मिळून खोलीत घडवलेल्या गाण्यात समान वाटणी मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण ड्रमरने मधल्या भागात ठेका अर्ध्यावर आणला नसता तर गायकाला तिथे ओळ सुचलीच नसती, असे या संगीतात वारंवार घडते. स्टुडिओ किंवा निर्माता यांच्याशी ठरवताना पूर्ण मोबदला दिल्यावर मास्टरचा हक्क बँडकडे राहील, हे लेखी घ्यावे, आणि रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली मिळतील हेही त्यातच लिहून घ्यावे. बँडचे नाव दुसऱ्या कोणी आधीच वापरले आहे का, हे स्ट्रीमिंग सेवांवर याच वेळी तपासावे. एकाच नावाचे दोन बँड असले की गाणी एकमेकांच्या पानांवर जाऊन बसतात आणि ती निस्तरण्यात प्रकाशनाचा आठवडा वाया जातो.

तिसरी पायरी : ट्यूनिंग, लय आणि पूर्वतयारी

इमोमध्ये नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा वेगळी ट्यूनिंग सर्रास वापरली जातात. अमेरिकन फुटबॉल या बँडच्या १९९९ च्या अल्बमशी ज्याचे नाव जोडले गेले आहे ते एफ-ए-सी-जी-सी-ई हे ट्यूनिंग उदाहरणादाखल घेऊ. सर्वांत जाड तार ई वरून अर्धा स्वर चढवून एफ करावी लागते, चौथी तार डी वरून पूर्ण स्वर उतरवून सी होते, दुसरी तार बी वरून अर्धा स्वर चढून सी होते, आणि उरलेल्या तीन तारा जशाच्या तशा राहतात. म्हणजे एकाच गिटारवर काही तारा जास्त ताणल्या जातात आणि चौथी ढिली पडते. ही ढिली तार जोरात छेडली की सुरुवातीला तिचा सूर वर सरकतो, आणि दोन गिटार एकत्र आल्या की तो बेसूरपणा उघडा पडतो. म्हणून रेकॉर्डिंगसाठी एक गिटार याच ट्यूनिंगकरिता राखून ठेवावी, चौथी तार एक माप जाड लावावी, त्यानंतर ब्रिजवरील प्रत्येक तारेची लांबी नव्याने जुळवून घ्यावी आणि रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक टेकपूर्वी, म्हणजे प्रत्येक वेळी वाजवून घेण्यापूर्वी, सूर तपासावा.

मेट्रोनोमवर वाजवल्याने गाणे यांत्रिक होईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती पूर्णपणे चुकीची नाही, पण तिच्यावर उपाय आहे. फोनवरच्या त्या पहिल्या फाइलमधून प्रत्येक भागाची लय मोजावी. बहुतेक वेळा असे दिसते की कडवे मिनिटाला १४२ ठोक्यांवर चालले असेल, तर ध्रुवपदात बँड नकळत १४५ वर गेलेला असतो. हा फरक दोष समजून पुसू नये, तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लयीचा नकाशा तसाच आखावा, म्हणजे मेट्रोनोमही ध्रुवपदात बँडबरोबर उसळी घेतो. या नकाशावर ड्रमरने किमान तीन आठवडे रोज सराव करावा. बाकीच्यांनी मेट्रोनोमपेक्षा ड्रमरकडे कान ठेवावा.

चौथी पायरी : ड्रम, बास आणि गिटार रेकॉर्ड करणे

ड्रमची कातडी रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नवी चढवून सुरात आणावी, म्हणजे रात्रभरात ती बसते आणि सकाळी पुन्हा थोडी जुळवून घेता येते. ड्रमवर जोर आणि झांजांवर संयम, ही सवय आधीपासून लावून घ्यावी, कारण झांजा जोरात वाजल्या की वरच्या मायक्रोफोनमध्ये त्यांचाच कल्लोळ भरतो आणि गायकाच्या आवाजासाठी जागा उरत नाही. वरचे दोन मायक्रोफोन स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत की नाही, हे दोरीने मोजावे: दोरीचे एक टोक स्नेअरवर धरून दुसरे टोक एका मायक्रोफोनपर्यंत ताणावे आणि तीच लांबी दुसऱ्याला लावून पाहावी. अंतर वेगळे असेल तर स्नेअरचा आवाज दोन मायक्रोफोनमध्ये पुढेमागे पोचतो आणि तो पोकळ होतो. दोन मिनिटांच्या या मोजणीने पुढचे अनेक तास वाचतात.

बास एकाच वेळी थेट आणि अँप्लिफायरमधून, अशा दोन ट्रॅकवर घ्यावा. गिटारच्या बाबतीत मंचावर वापरता त्यापेक्षा डिस्टॉर्शन कमी ठेवावे; रेकॉर्डिंगमध्ये गिटारचे थर वाढत जातात आणि प्रत्येक थरात जास्त डिस्टॉर्शन असेल तर कॉर्डमधले स्वर ओळखू येत नाहीत, आणि इमोच्या कॉर्डमध्ये त्या स्वरांनाच तर किंमत असते. एसएम ५७ सारखा साधा मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून, स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे हळूहळू सरकवत नेला की आवाज टोकदार ते मऊ असा बदलत जातो. एकाने तो सरकवावा आणि दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत ऐकून थांबवावे.

ध्रुवपदातील गिटार दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावी. एकच टेक उचलून दुसऱ्या बाजूला चिकटवल्याने रुंदी येत नाही, कारण रुंदी दोन वादनांमधल्या सूक्ष्म फरकातून जन्मते. कडव्यात मात्र एकच गिटार ठेवावी, तीही मध्याच्या किंचित बाजूला. ध्रुवपद सुरू होताना आवाजाची पातळी एका डेसिबलनेही न वाढवता गाणे एकदम मोठे झाल्यासारखे वाटते, ते या मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे.

पाचवी पायरी : गायकाचा आवाज

सिंगल जगते किंवा मरते ते इथे, म्हणून उपलब्ध वेळातला निम्मा वेळ आवाजासाठी राखून ठेवावा असे मी आग्रहाने सांगतो. हळू भाग आणि ओरडण्याचे भाग शक्य तर वेगळ्या दिवशी घ्यावेत. एकाच दिवशी घेणे भाग असेल, तर हळू भाग आधी. ओरडणे म्हणजे घसा ताणणे नव्हे. श्वासाचा आधार आणि स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांचा वापर करून ते शिकावे लागते, आणि त्यासाठी जाणकार शिक्षकाकडे काही महिने जाणे हा खर्चाचा सर्वांत योग्य भाग आहे. घशात दुखू लागले की त्या दिवसाचे काम तिथेच संपले, असे आधीच ठरवून ठेवावे.

कुजबुजीचा ट्रॅक आणि आक्रोशाचा ट्रॅक स्वतंत्र घ्यावेत. हळू भागात गायकाने मायक्रोफोनपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर राहावे, म्हणजे ओठांची हालचाल आणि श्वासही ऐकू येतो. ओरडताना हातभर मागे जावे आणि इनपुटची पातळी कमी करून घ्यावी. दोन्ही एकाच पातळीवर घेण्याचा प्रयत्न केला की कुजबुज आवाजाच्या खळखळीत बुडते किंवा आक्रोश तुटतो.

सगळे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार-पाच वेळा गाऊन घ्यावे आणि मध्ये कधीही रेकॉर्डिंग थांबवू नये. हा नियम मी महागात शिकलो. आमच्या पहिल्या गाण्यात शेवटच्या ध्रुवपदाआधी एक ओळ होती, जिच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याच टेकमध्ये गायकाचा आवाज फाटला. काचेपलीकडून कोणीतरी लगेच थांबायला सांगितले, गाण्याचा पुढचा भाग घेतलाच गेला नाही, आणि मग ती ओळ सहा वेळा पुन्हा गाऊन झाली. सहाही वेळा ती सुरेल होती आणि सहाही वेळा निर्जीव होती. शेवटी त्या फाटलेल्या शब्दाला पुढच्या टेकचे ध्रुवपद जोडावे लागले, आणि तो सांधा मला आजही ऐकू येतो. टेक चालू राहिला असता, तर त्या फाटलेल्या आवाजातून निघालेले ध्रुवपदही आमच्याकडे असते.

सूर सुधारणारे सॉफ्टवेअर वापरावे की नाही, यावर मतभेद आहेत. माझा निकष असा की सहगायनात दोन आवाज एकमेकांशी भांडत असतील तिथे ते वापरावे आणि मुख्य आवाजात हात राखून वापरावे. ओळींमधले श्वास तर कापूच नयेत. ओरडण्याआधी घेतलेला मोठा श्वास ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे सांगतो. सामूहिक ओरडण्यासाठी सगळ्या बँडने एका मायक्रोफोनभोवती उभे राहून तीन-चार फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीत जागा बदलावी, म्हणजे पाच माणसांचा जमाव झाल्यासारखा वाटतो.

सहावी पायरी : मिक्सिंग आणि मास्टरिंग

मिक्सिंग बँडबाहेरच्या व्यक्तीने करावे, कारण बँडमधला प्रत्येक जण स्वतःचेच वाद्य ऐकतो. त्या व्यक्तीला तीन गोष्टी द्याव्यात: नीट नावे दिलेले ट्रॅक, आपल्याला आवडणारी दोन गाणी आदर्श म्हणून, आणि सरावाच्या खोलीतली ती फोनवरची फाइल. मिक्स ऐकताना ती फाइल शेजारी वाजवावी. तिचा दर्जा अर्थातच वाईट असेल, पण तिच्यात ध्रुवपद येताना छातीत जे होते ते मिक्समध्ये होत नसेल, तर मिक्स अजून झालेले नाही.

ध्रुवपद मोठे करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या आधीचा भाग लहान करणे. ध्रुवपदाआधीच्या एक-दोन मात्रांत एकूण आवाज डेसिबलभर खाली आणावा, तिथली झांज काढावी, कडव्यातल्या आवाजावरचा घुमारा जवळजवळ शून्य ठेवावा. मिक्स अगदी हळू आवाजात, फोनच्या स्पीकरवर आणि साध्या हेडफोनवर ऐकावे; हळू आवाजातही शब्द कळले पाहिजेत.

मास्टरिंगमध्ये आवाज कमाल पातळीपर्यंत दाबण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) या सरासरी पातळीवर आणून वाजवते. गाणे उणे ७ पर्यंत दाबले असेल, तर ते ७ डेसिबलने खाली आणले जाते, आणि दाबताना हरवलेले शांत-मोठ्यातले अंतर काही परत येत नाही. म्हणजे शेजारच्या कमी दाबलेल्या गाण्यापुढे तेच लहान वाटू लागते. याचा अर्थ उणे १४ हेच ध्येय ठेवावे असा मात्र नाही, कारण दाट गिटारच्या संगीताला थोडा दाब शोभतो. मास्टर करणाऱ्याकडून कमी दाबाची आणि जास्त दाबाची अशा दोन आवृत्त्या मागवाव्यात, दोन्ही सारख्या पातळीवर आणून ऐकाव्यात, आणि कडव्याहून ध्रुवपदात जाताना ज्यात अजून उडी जाणवते ती घ्यावी. सर्वोच्च शिखर शून्याच्या, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या, किमान एक डेसिबल खाली असावे. फाइल २४ बिट वेव्ह स्वरूपात घ्यावी आणि त्याच दिवशी गायनाविना वाद्यांची आवृत्तीही बनवून घ्यावी, कारण पुढे चित्रफितीसाठी कोणी मागितली तर ऐन वेळी ती तयार होत नाही.

सातवी पायरी : प्रकाशन

गाणे स्ट्रीमिंग सेवांवर वितरकामार्फत, म्हणजे सर्व सेवांकडे ते पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो. हेच रेकॉर्डिंग पुढे अल्बममध्ये घातले तर तोच कोड द्यावा, म्हणजे आधीचे प्ले त्याला जोडून घेणे शक्य होते. नवे रेकॉर्डिंग किंवा रीमिक्स असेल तर नवा कोड. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचे चौरस असावे आणि त्यावर संकेतस्थळाचा पत्ता किंवा समाजमाध्यमांची खूण नसावी, कारण अशी मुखपृष्ठे नाकारली जातात. चित्र तळहाताएवढ्या आकारात पाहून निवडावे. गीतकारांची पूर्ण नावे वाटणीच्या कागदाप्रमाणे भरावीत आणि रचनेची नोंद आपल्या हक्कसंस्थेकडे वेगळी करावी, कारण वितरक ते काम आपोआप करीत नाही.

जुलै २०१५ पासून नवे संगीत जगभर शुक्रवारी प्रकाशित करण्याची प्रथा आहे. त्या शुक्रवारच्या किमान चार आठवडे आधी फाइल वितरकाकडे पोचलेली असावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवण्याची सोय कलाकारांच्या खात्यातून मिळते आणि ते किमान सात दिवस आधी केले तर गाणे निदान आपल्या अनुयायांच्या साप्ताहिक यादीत पोचते. समीक्षक आणि रेडिओ कार्यक्रमांना पाठवायचे पत्र चार ओळींचे असावे, त्यात खासगी दुवा असावा, आणि गाणे कशाविषयी आहे हे एका वाक्यात सांगितलेले असावे. पैसे देऊन प्ले विकत घेण्याचे प्रस्ताव येतील, ते ठामपणे नाकारावेत. असे गाणे सेवेवरून काढून टाकले जाऊ शकते आणि वितरकाकडून दंडही बसू शकतो. उत्पन्नाचा हिशेबही आधीच समजून घ्यावा: २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १००० प्ले झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टी सुरू होत नाही.

सात इंची तबकडी काढण्याची इच्छा असेल, तर ती या संगीताच्या परंपरेला धरून आहे, आणि दोन बँडनी एकेक बाजू वाटून घेण्याची जुनी पद्धत खर्चही निम्म्यावर आणते. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण चार-साडेचार मिनिटे चांगल्या आवाजात बसतात; त्याहून लांब गाणे असेल तर आवाज कमी करावा लागतो. तबकडी छापून यायला महिने लागतात, म्हणून तिच्यासाठी डिजिटल प्रकाशन अडवून धरू नये.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी प्रत्येक सेवेवर गाणे उघडून नाव, गीतकार, शब्द आणि शेवटची दहा सेकंदे तपासावीत. शेवटच्या गिटारचा विरत जाणारा स्वर कापला गेल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्यानंतर सगळ्या सत्रांच्या फाइली, प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या आरंभापासून सुरू होणारी वेव्ह फाइल करून, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, कारण आजचे सॉफ्टवेअर काही वर्षांनी उघडेलच असे नाही, वेव्ह मात्र उघडते. मास्टर, वाद्यांची आवृत्ती, सह्यांचा कागद आणि मुखपृष्ठ यांच्याबरोबर त्याच फोल्डरमध्ये सरावाच्या खोलीतली फोनवरची फाइलही ठेवावी, म्हणजे दुसऱ्या सिंगलचे काम सुरू होईल तेव्हा ती पहिल्यांदा ऐकता येईल.